मयत घुबडाविषयी वनाधिकारी साहेबांस अनावृत पत्र

सन्माननीय वनाधिकारी साहेब यांचे सेवेशी,



संक्रांतीनंतर आमच्या तालुक्याच्या गावी, बंद पडलेल्या जिनिंगमागील उंबरावर नायलॉनच्या मांजात गुरफटून जे गव्हाणी घुबड मयत झाले, त्याचा पंचनामा आपल्या कार्यालयाने ज्या तत्परतेने, ज्या टापटिपीने आणि ज्या निर्दोष मराठीत केला, त्याबद्दल आपले जाहीर अभिनंदन करावे, एवढ्याच हेतूने हे पत्र लिहीत आहे. आदल्या दिवशीच्या दिवेलागणीपासून दुसऱ्या दिवशी सकाळी नवापर्यंत ते पाखरू जिवंत होते आणि तेवढा सर्व वेळ ते कोणाचेही नव्हते. नऊ वाजता त्याने प्राण सोडला आणि दहाच्या सुमारास ते सरकारचे झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 39 अन्वये मृतावस्थेत आढळलेला वन्य प्राणी ही राज्य शासनाची मालमत्ता ठरते, हे ज्ञान आपल्या वनरक्षकाने आम्हांस त्या प्रसंगी दिले. जन्मभर उपेक्षा आणि मरणोत्तर राजाश्रय, हे भाग्य आजवर आपल्याकडे केवळ कवींच्या वाट्यास येत असे. ते आता घुबडांनाही लाभू लागले, ही प्रगतीच म्हटली पाहिजे.

पंचनाम्याचा दुसरा पंच या नात्याने तो दस्तऐवज मी अथपासून इतिपर्यंत वाचला आहे. चतुःसीमा बिनचूक होत्या : पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस जिनिंगची पडकी भिंत, उत्तरेस चहाची टपरी, दक्षिणेस नगरपरिषदेचे स्वच्छतागृह. मयताची लांबी पस्तीस सेंटिमीटर, चेहरा पांढरा व बदामाच्या आकाराचा, डावा पंख सांध्यातून निखळलेला, दोऱ्याचा रंग जांभळा, दोरा कातडीखाली हाडापर्यंत गेलेला. पुढे ‘मालमत्तेची अंदाजे किंमत’ या रकान्याशी आल्यावर मात्र लेखणी अडखळली. पहिले पंच आडत दुकानदार असल्यामुळे सवयीने काही भाव बोलणार होते. परंतु तुरीचा भाव सांगता येतो, तुरीच्या शिवारात रात्रभर उंदीर टिपणाऱ्याचा कसा सांगावा, हे त्यांनाही उमगेना. अखेर तेथे ‘निरंक’ असा शेरा पडला आणि आम्ही उभयतांनी खाली सह्या केल्या.

आता आदल्या सायंकाळची हकीगत, जी पंचनाम्यात घेण्याचा शिरस्ता नसल्यामुळे येथे देतो. टपरीवाल्यास फांदीखाली काहीतरी फडफडताना दिसले, त्याने मला हाक मारली, आणि मी आपल्या कार्यालयास दूरध्वनी केला. तेथून उत्तर आले की पक्षी वन्य आहे हे खरे, परंतु झाड नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. नगरपरिषदेने झाड आपले असल्याचे नाकारले नाही, मात्र फांदीलगत विजेची तार जात असल्याने तिचा नाइलाज होता. वीज कंपनीच्या तंत्रज्ञाने मोठ्या मनाने तार आपली म्हणून कबूल केली. पण पक्षी तारेला नव्हे, फांदीला लटकलेला असल्याने वीज बंद करण्यास सबळ कारण दिसत नाही, असा त्याने अभिप्राय दिला. अग्निशामक दलाकडे शिडी होती, तथापि ती आगीची शिडी होती. जनावरांच्या दवाखान्यास कुलूप होते, आणि ते उघडे असते तरी म्हैस आणि घुबड यांतील भेद त्यांनी माझ्या लक्षात आणून दिला असता, यात शंका नाही. कोणीही कायद्याबाहेर बोलले नाही, कोणीही उर्मट बोलले नाही. एकट्या घुबडाची ती रात्र, इतक्या खात्यांच्या सौजन्यात, उलटे लटकून गेली.

या सर्व काळात एकच मनुष्य त्या झाडाखाली आला. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात रोजंदारीवर काम करणारा विशी-बाविशीतला पोरगा असून गावात कोणाच्या घरी नाग निघाला की लोकांना त्याची आठवण होते, एरव्ही होत नाही. दुकान बंद करून तो बांबू घेऊन आला. अंधारात तारेजवळ चढणे म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून थांबला. आणि पहाटे दिसू लागताच चढला. दोरा ओढला की पंख फाटतो, हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने आधी फांदी कापली आणि पाखरू फांदीसकट खाली आणले. मग टपरीच्या बाकावर मांडी घालून, नखे कापण्याच्या कात्रीने, एकेक वेढा तोडत बसला. ते घुबड चोच आपटून फुत्कारत होते, त्याचा अंगठा रक्ताळला होता, आणि तो त्याला ‘झालं रे, झालं’ असे म्हणत होता. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे न्यावे म्हणून त्याने बुटांचे खोके आणले, त्याला छिद्रे पाडली, स्वतःचा सदरा आत अंथरला आणि बसस्थानक गाठले. बस लागायच्या आत घुबड मेले. साहेब, तेव्हा आपल्या कार्यालयास खबर दिली ती त्यानेच.

आणि आपल्या कार्यालयाने त्याला काय विचारले? ओळखपत्र आहे काय. अनुसूचीतील प्राणी हाताळण्याची परवानगी कोणाची. यापूर्वी किती प्राणी हाताळले. त्याचा जबाब दुपारपर्यंत चालला. त्या दिवसाचा रोज बुडाला. मालकाने वर चार शब्द सुनावले. ज्याने दोरा विकला त्याचा जबाब नाही, ज्याने पतंग उडवला त्याचा नाही, ज्यांनी रात्रभर एकमेकांकडे बोट दाखवले त्यांचा तर नाहीच नाही. चौकशी झाली ती ज्याचा अंगठा फाटला होता त्याची! लाज वाटावी असे हे कृत्य होते आणि ती कोणालाच वाटली नाही. उद्या दुसरे पाखरू लटकले तर त्या पोराने मान वळवून पुढे जावे, हाच धडा त्याला आपण सरकारी शिक्क्यानिशी दिलात.

त्या जांभळ्या दोऱ्याविषयी दोन शब्द. सुताचा मांजा पावसाने कुजतो, नायलॉनचा कुजत नाही. संक्रांत एका दिवसात सरते, पण फांद्यांत अडकलेला हा फास पुढच्या संक्रांतीपर्यंत तसाच टांगलेला राहतो. घुबड कानाने शिकार करते; अंधारात न हलणारा, न वाजणारा धागा त्याला कळावा तरी कसा? राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी देशभर या मांजावर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने वर्तमानपत्रांतील बातम्यांची स्वतः होऊन दखल घेतली, माणसांचे गळे चिरले गेले, तरी आमच्या बाजारात ती चकरी मागितली की दुकानदार आधी इकडेतिकडे पाहतो, मग गल्ल्याखालून काढून देतो. जप्तीची मोहीम निघते ती भोगीच्या दिवशी, जेव्हा सर्व माल गच्चीवर पोहोचलेला असतो.

बाकीच्या तक्रारी एकेका ओळीत उरकतो. विषारी औषध चोळलेले बियाणे टिपून मोर मरतात, तेव्हाही मरणोत्तर सन्मान होतो. आपल्या राज्यपक्ष्याचे, हरियालाचे पोट वड-पिंपळ-उंबराच्या फळांवर. आणि औसा-चाकूर, चाकूर-लोहा, लोहा-वारंगा असा चौपदरी रस्ता होताना आम्ही रस्त्याकडेची जुनी झाडे रांगेने आडवी केली. 2025 च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे पटापट मरून पडू लागले, नमुने भोपाळला गेले, बर्ड फ्लूचे निदान झाले, तेव्हा कोठे लोकांनी वर पाहिले. सोलापूरचे शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळरानावरील माळढोकाकडे जगाचे लक्ष वेधले, त्यानंतर 1979 साली आठ हजार चौरस किलोमीटरांहून मोठे अभयारण्य कागदावर उतरले, पुढे ते बाराशेंवर आले, आणि पक्षी तर दिसेनासाच झाला. निजामाच्या अमदानीत 1931-32 साली सलीम अलींनी हैदराबाद संस्थानच्या पक्ष्यांची पाहणी केली, त्या संस्थानात आपला हा मुलूखही होता. त्या राजवटीचे गुणगान करण्याची माझी मुळीच इच्छा नाही, पण पाखरे मोजण्यास कोणी आला तर निदान त्याचा जबाब घेतला गेल्याचे ऐकिवात नाही.

इतके लिहून झाल्यावर थांबायला हवे होते. परंतु पंचनाम्यानंतर जे घडले ते दडवणे सचोटीला धरून होणार नाही.

दुपारी आपण स्वतः आलात, तेही स्वतःच्या मोटारसायकलीवर, कारण कार्यालयाची जीप रानडुकरांनी आणि रोह्यांनी केलेल्या पीकनुकसानीच्या पाहणीस गेली होती. आपल्याकडे शेजारच्या तालुक्याचा अतिरिक्त कार्यभार आहे, हे मला तेव्हा कळले. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र शेकडा एकासही पोहोचत नाही, म्हणून तेथे मनुष्यबळ कमी. नांदेडला किनवट-माहूरचे सागवान आहे, म्हणून असलेले मनुष्यबळ तिकडे. या दोहोंच्या मधल्या उघड्याबोडक्या मुलखात घुबड लटकले तर धावून जाणारे आपण आणि आपला एक वनरक्षक. खोक्यातले पाखरू पाहताच आपण कागदाकडे न वळता प्रथम विचारलेत, “घरटं कुठं आहे? पिलं असतील.” टपरीवाल्याने जिनिंगकडे हात केला. मग आपण, पन्नाशीचा गृहस्थ, खाकी विजार दुमडून त्या पडक्या भिंतीवर चढलात, पत्र्याखालच्या कोनाड्यांत विजेरी मारून पाहिलेत, आणि हातभर धूळ अंगावर घेऊन ‘नाहीत’ म्हणून खाली उतरलात. आपल्याच खात्यात हयात घालवलेल्या मारुती चितमपल्लींनी पक्षिकोश सिद्ध केला. त्यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, 5 ते 12 नोव्हेंबर, शासन पक्षी सप्ताह साजरा करते. त्या सप्ताहात आपल्याला फलक, चित्रकला स्पर्धा आणि अहवालाचा नमुना पुरवला जात असेल. शिडी पुरवली जात नाही. हे त्या भिंतीखाली उभे राहून मला दिसले, आणि सकाळपासून जमवलेला माझा राग कोणावर काढावा, हेच समजेनासे झाले.

तरीही काही मागणे मागतो, कारण मागण्यास दुसरे दार नाही. त्या पोराला वनखात्याचे ओळखपत्र द्या, आणि त्याच्यासारखे जे तालुक्यात असतील त्यांची यादी करून त्यांना पेट्रोलचा खर्च द्या. एक शिडी, एक खोके आणि रात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी, एवढे कार्यालयात तैनात ठेवा. वीज कंपनी, नगरपरिषद, अग्निशामक दल आणि आपण यांनी संक्रांतीपूर्वी एकत्र बसून तार कोणाची, झाड कोणाचे आणि जिवंत पक्षी कोणाचा, हे एकदाचे लेखी ठरवून टाका. त्या पोराचा तो जबाब मात्र फाडून टाका, साहेब.

आणि मांजाची तपासणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, माल उतरतो तेव्हा, पोलिसांना बरोबर घेऊन करा. दुकान मी दाखवतो. दुकानदार दुपारी दोन ते चार जेवायला घरी जातो, तेवढी वेळ टाळून यावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पंच क्रमांक 2