७७७वाले सर

लातूर-नांदेडकडे शिकवतो तो सर, आणि प्रिंटरात अडकलेला कागद काढतो तोही सर. कोचिंग क्लासचा सर्व्हर लातूरला, त्याचा रात्रीचा बॅकअप नांदेडच्या शाखेत. या दोहोंच्या मधे, अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यावर, हेल्मेटात मोबाइल खुपसून बोलत जाणारा जो दिसतो, ते सिस्टीमवाले सर.

"ओ सर, बॅकअप जाईना झालाय की!"

"राऊटर बंद करून चालू करा." हा झाला पहिला उपचार. रोग कोणताही असो.

स्क्रीनवर लिहिलेलं असतं, 'परमिशन डिनाइड'. सर मुळात दिलदार. परमिशन नाही म्हणतंय? देऊन टाकू! लगेच सीएचमॉड ७७७. मालकानं वाचावं, शिपायानं लिहावं, वाटेनं जाणाऱ्यानंही चालवून बघावं. मराठवाड्याचा पाहुणचार तो.

पण बॅकअप ज्या एसएसएचवरून जातो, ते पडलं फिनलंडचं. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवरून पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. चोरीनंतर बसवलेल्या कुलपाचा स्वभाव जो असायचा तोच त्याचा. खाजगी किल्ली दुसऱ्या कुणाला वाचता येत असेल, तर ते ती वापरतच नाही. नांदेडच्या सर्व्हरवर होम फोल्डरात भलत्याला लिहिता येत असेल, तर नोंदवलेली किल्ली खरी असूनही आत घेत नाही. सर जितकं मोकळं करतात, तितकं ते आणखी आवळतं.

"आपल्याच माणसाला आत घेईना, काहून?" म्हणत सर नवी किल्ली करतात आणि पब्लिक सोडून खाजगीच फाईल 'स्टाफ नांदेड-लातूर' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. ग्रुपवर पाच अंगठे आणि एक 'शुभ सकाळ'.

सर्व्हरच्या लॉगमध्ये दुखणं सरळ लिहिलेलं असतं: 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स'. लॉग वाचणं मात्र सरांना कमीपणाचं वाटतं. तो उघडतो नांदेडचा अकरावीतला पोरगा. होम फोल्डर ७५५, आतलं डॉट-एसएसएच ७००, किल्ल्यांची यादी ६००. लातूरला खाजगी किल्लीही ६००. बॅकअप धावतो.

"मी तेच म्हणायलो होतो," सर म्हणतात आणि बिल फाडतात. त्यावर लिहिलेलं असतं: 'विंडोज टाकली, अँटिव्हायरससहित.' सर्व्हर लिनक्सचा.