नावांचं दफ्तर

स्वच्छ किल्ला पाहिला की आप्पांचा चेहरा पडतो. आम्ही धापा टाकत माथ्यावर पोचतो, कुणी ताकवाल्या मावशींकडे धावतं, कुणी तटावर वारा खात बसतं. आप्पा मात्र दरवाजाच्या आतल्या देवड्या, पाण्याच्या टाक्यांच्या कडा आणि वाटेवरची घायपाताची बेटं धुंडाळून येतात नि सांगतात, "काही राम नाही. एक नाव नाही कुठे." मग थोड्या वेळाने बुरुजामागून हाक येते, "अरे मिळालं! इकडे या! काय नालायक लोक आहेत!" इतक्या आनंदाने उच्चारलेला 'नालायक' मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

आप्पा निवृत्त हिशेबतपासनीस. झाडांवर, कातळांवर, निवडुंगांवर लोकांनी कोरलेल्या नावांचे फोटो काढणं हा त्यांचा उद्योग. त्याला छंद म्हटलेलं त्यांना खपत नाही, ते 'पुरावे गोळा करतात'. पुरावे कुणापुढे मांडायचे ते अजून ठरलेलं नाही, पण वहीतले रकाने चोख आहेत. स्थळ, पृष्ठभाग, लिपी, जमिनीपासून उंची आणि शेवटी शुद्धलेखन. एका कातळावर 'आठवन' असं खोल कोरलेलं सापडलं, तेव्हा कातळ विद्रूप केल्याचा संताप त्यांनी एका वाक्यात उरकला आणि बाणातल्या 'ण'वर घसरले ते गड उतरेपर्यंत.

त्यांचं खरं प्रेम घायपातावर. गडवाटेवर घायपाताचं पान म्हणजे फुकटची पाटी. त्याच पानाच्या टोकाचा काटा मोडायचा आणि त्याच पानावर नाव ओढायचं. ताजी रेघ ओली, फिकट हिरवी असते. काही महिन्यांत ती सुकते, तपकिरी होते, खपली धरल्यासारखी वर येते. नेमकी ही खपली टिपायला आप्पा उन्हं कलण्याची वाट बघतात. तिरका उजेड पडला की अक्षरांना सावली धरते. मग ते गुडघ्यावर बसतात, समोरच्याला पांढरा रुमाल धरून उभं करतात आणि श्वास रोखून चार-पाच फोटो काढतात. हे झाड मूळचं अमेरिकेतलं, आयुष्यात एकदाच फुलोरा येतो आणि मग मरतं. "म्हणजे यांचं प्रेम फुलोऱ्यापर्यंत," असं आप्पा सांगतात. घायपाताचा चीक लागला की अंगाला खाज सुटते, ही माहिती तर ते विशेष समाधानाने देतात.

झाडांच्या बाबतीत त्यांचा अभ्यास दांडगा आहे. झाड शेंड्याकडून वाढतं, त्यामुळे छातीच्या उंचीवर कोरलेलं नाव वीस वर्षांनीही छातीच्याच उंचीवर राहतं, फक्त खोड जाड होत जातं तशी अक्षरं आडवी फाकतात. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरतं, म्हणून उभ्या चिरेपेक्षा आडवी चीर झाडाला अधिक लागते. यावरून आप्पांनी असा सिद्धांत काढला आहे, की मराठीत कोरलेलं नाव इंग्रजीपेक्षा घातक, कारण शिरोरेघ! मराठीचा एवढा अभिमानी माणूस, पण खोडाच्या बाबतीत तो रोमन लिपीच्या बाजूने आहे. तशीही प्रेमिकांची पसंती इंग्रजीलाच असते. 'के', 'ए', 'एम' ही सरळ रेघांची माणसं सुटतात. 'एस'वाल्यांचे हाल होतात. कर्कटकाने खोडावर 'एस' काढणं येरागबाळ्याचं काम नाही, बहुतेकांचा पाच होतो.

आता मुख्य प्रश्न, गुन्हा कशाला म्हणायचं? आप्पांचा नियम शंभर वर्षांचा. शंभरच्या आत उनाडपणा, शंभरच्या पुढे शिलालेख. नियम हवेतला नाही. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत किमान शंभर वर्षांची अट आहे आणि त्या व्याख्येत शिलालेखही येतात. त्याच कायद्यानुसार संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला 2010 च्या दुरुस्तीपासून 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही कलमं आप्पांना पाठ आहेत. एका टाक्याच्या भिंतीवर 1931 सालचं एक नाव आहे, त्याच्यासमोर ते अदबीने उभे राहतात आणि म्हणतात, "थोडी कळ काढ बाबा, आलंच."

अजिंठ्याला मात्र त्यांची पंचाईत होते. जॉन स्मिथ हा मद्रासच्या घोडदळातला अधिकारी. 1819 च्या एप्रिलमध्ये वाघाच्या शिकारीला म्हणून आला, त्याला लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यातल्या रंगवलेल्या खांबावर साहेबाने स्वतःचं नाव नि तारीख खरवडली. तेव्हा लेण्यात राडारोडा साचलेला होता, त्यावर उभं राहून हे केलं, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर आहे. आप्पांच्या उंचीच्या रकान्यात या नोंदीपुढे उद्गारचिन्ह आहे. साहेबाला शिव्या द्याव्यात तर नियमाने तो शिलालेख. "आता ते पुसायला जाल तर आत जाल तुम्हीच," असं म्हणून आप्पा विषय बदलतात.

मला हा नियमच पटत नाही. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर ब्राह्मीत नावं आहेत, त्यांत धेनुकाकटच्या यवनांचीही आहेत. पण त्या मंडळींनी खांबांसाठी दान दिलं होतं. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीशी हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे, ते गड बांधल्यावर. ज्याला हौस असेल त्याने आधी रायगड बांधावा, पायरी देऊ. स्मिथने काय केलं होतं? पाहिलं आणि खरवडलं. दोनशे वर्षं उलटली म्हणून तो दानशूर होत नाही.

आणि फोटोचं काय? फोटो काढल्याने दगडाला ओरखडा उठत नाही, हे खरं. पण परवा आप्पांनी एका पोराला किल्लीने तटावर नाव कोरताना रंगेहाथ पकडलं. दहा मिनिटं झाडला. पोरगं मान खाली घालून ऐकत होतं. शेवटी आप्पांनी सवयीने फोटो काढला, तर ते उजळून म्हणालं, "काका, टाकणार ना कुठे? मला टॅग करा." आप्पांच्या तोंडून शब्द फुटेना.

त्याहून मोठी फजिती गणपतीत झाली. सोसायटीच्या मांडवात आप्पांनी 'विद्रूपीकरणाचा निषेध' म्हणून फोटो लावले. उजेड इतका सुंदर, चौकटी इतक्या नेटक्या, की बायका 'किती छान' म्हणत पुढे सरकत होत्या. बाण खुपसलेल्या बदामापुढे तर रांग होती. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक वजनदार गृहस्थ ओरडले, "अरे, हा मीच! चौऱ्याण्णवची सहल!" आणि फोटोशेजारी उभं राहून त्यांनी सहकुटुंब फोटो काढून घेतला. फोटोतलं दुसरं नाव कुटुंबाचं नव्हतं, हे वहिनींच्या लक्षात आरतीच्या वेळी आलं.

काकू त्या दिवशी म्हणाल्या, "अहो, निषेध करायचा तर फोटो वाईट काढा हो जरा!" माझ्या मते एवढी अचूक टीका आप्पांवर कुणी केलेली नाही. तक्रारीपुरता फोटो ठीक. त्याला सोनेरी ऊन कशाला हवं?

आप्पा सुधारतील असं वाटत नाही. तेव्हा वाचकहो, कॉलेजात असताना तुम्ही एखाद्या गडावर गेला असाल आणि खिशात कर्कटक असेल, तर तुमचं नाव आप्पांच्या कपाटात असू शकतं. बघायला जरूर या. प्रत मोफत मिळेल. येताना शक्यतो एकटे या.