दोन तांबडे

परवा रात्री साडेअकराच्या सुमारास उशाशी ठेवलेला आमचा मोबाइल एकाएकी असा किंचाळू लागला, की आम्हांस प्रथम देवाचे आणि मागाहून चष्म्याचे स्मरण झाले. पडद्यावरील मजकूर असा, की पुणे जिल्ह्यात येत्या तीन तासांत विजांच्या कडकडाटासह अतिमुसळधार पावसाची शक्यता असून नागरिकांनी सतर्क राहावे. जिल्ह्याचा विस्तार 15,643 चौरस किलोमीटर. त्यात भीमाशंकरचे डोंगर आले, इंदापूरचा माळ आला आणि आमचा पलंगही आला. तेव्हा पलंगावर उठून बसून आम्ही यथाशक्ति सतर्क राहिलो.

हवामान खात्याची थट्टा हा पुणेकरांचा पिढीजात विरंगुळा आहे, आणि ज्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यास आल्यावर गावाने त्याच्या इमारतीस कायमचे 'सिमला ऑफिस' करून टाकले, त्या खात्याने ही थट्टा निमूटपणे सोसलीही आहे. परंतु आमची तक्रार वेधशाळेशी नाही. ढगांची चाल पाहून तीन तास आधी एवढे सांगता येते, हे शास्त्राचे उपकारच मानावयास हवेत. तक्रार आहे ती इशाऱ्याच्या पुढील प्रवासाशी. हिरवा म्हणजे निर्धास्त असा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि तांबडा म्हणजे कृती करा, असा या रंगांचा संकेत असताना, वेधशाळेचा तांबडा कागद ज्या मेजावर पोहोचतो तेथील अंमलदार तो खालच्या मेजाकडे रवाना करतो, आणि रवाना करणे हीच कृती समजून दप्तर बांधतो. असा मेजामागून मेजे उतरत तो अखेर आमच्या उशाशी येऊन किंचाळतो, कारण आमच्यापुढे रवाना करावयास कोणी उरलेले नसते.

वस्तुतः सरकारदरबारी आणखी एक तांबडा आहे. पाटबंधाऱ्याच्या नकाशांत नदीच्या दोन्ही अंगांस दोन पूररेषा आखलेल्या असतात : सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची तांबडी. हा तांबडा किंचाळत नाही. तो दिवसाढवळ्या, चहा घेत, सावकाश वाचता येतो. त्याप्रमाणे वागावयास वर्षानुवर्षांची सवड असते. आणि बहुधा म्हणूनच त्याप्रमाणे कोणी वागत नाही. ज्या तांबड्याला पुरती हयात मिळाली होती तो कपाटात राहिला, आणि ज्याला अवघे तीन तास, त्याची तामिली मात्र आम्ही करावयाची!

ओढ्यांची गोष्ट तर याहूनही केविलवाणी. ओढ्याला लोक नाला म्हणू लागले तेव्हाच त्याची रुंदी निम्मी झाली, आणि नाल्याला गटार म्हणू लागले तेव्हा उरलेल्या निम्म्यावर वाहनतळ झाला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्याने आपली जुनी रुंदी काही तासांपुरती परत मागून घेतली. त्या पावसात पुणे परिसरातील वीसहून अधिक माणसे गेली. तेव्हा हळहळ पुष्कळ झाली. भिंती मात्र पुन्हा तेथेच उभ्या राहिल्या.

आमच्या घरामागेही असाच एक ओढा आहे, आणि त्याच्या काठी, ओढ्यात उतरणाऱ्या सात पायऱ्यांच्या डोक्यावर, पत्र्याच्या चौकीत आमचा बीडकडचा रखवालदार राहतो. सतर्क होऊन आम्हांस घटकाभर झाली असेल नसेल, तोच खालून त्याची हाक आली, "काका, चौथी पायरी गेली!" या वाक्यात ठिकाण होते, वेळ होती, परिमाण होते, आणि पुढे काय करावे हेही होते. आम्ही तत्काळ खाली जाऊन तळमजल्यावरच्या आजींना वर आणले. सहावी पायरी जाताना रखवालदारही वर आला. चौकी गेली.

तिसऱ्या दिवशी पंचनाम्यास महसुलाचा कारकून आला. मंडळातील पर्जन्यमापकात 64.7 मिलिमीटर भरले होते, असे त्याने खेदपूर्वक सांगितले. म्हणजे हवामान खात्याच्या कोष्टकात 64.5 पासून सुरू होणारा 'मुसळधार' आम्हांस लाभला होता, परंतु महसुलाची 'अतिवृष्टी' 65 ला सुरू होत असल्याने ती थोडक्यात हुकली होती. मग त्याने विचारले, "इशारा मिळाला होता ना?" आम्ही होय म्हणालो, आणि त्याच्या मुद्रेवर प्रथमच समाधान दिसले. रखवालदाराला विचारले, तर त्याचा मोबाइल चौकीबरोबरच वाहून गेलेला. कारकुनाने क्षणभर लेखणी थांबवली, वरच्या ओळीकडे एकवार पाहिले, आणि त्याच्याही नावापुढे रकान्यात सुवाच्य अक्षरांत 'होय' असे लिहून खाली त्याचा अंगठा घेतला.