शेपटीला भोक नसलेलं विमान

“वैनी, सकाळपासून तुमच्या मागल्या पडवीत ही घरघर कसली हो? पिठाची गिरण घातलीत की काय?”

“गिरण घातली असती तर चार पैसे तरी दिसले असते! आमच्या भावाचा कंप्रेसर तो. चित्रशाळेतला. चवथ तोंडावर आली, तिथे गणपती बिनरंगाचे पाटावर बसलेत, आणि हा इथे भावोजींच्या विमानाला रंग मारतोय.”

आमच्या दोन घरांमधला गडगा कमरेएवढा. त्यावर माझी दोडकी चढलेली. अर्धी दोडकी त्यांच्या बाजूला लोंबतात, म्हणून बोलणं चालू ठेवणं दोघींनाही परवडतं. मुळगावात गप्पांना विषय कमी नाहीत. खाणीचे ट्रक आहेत, शेतात उतरणारं तांबडं पाणी आहे, केळबाईच्या जत्रेतले मानपान आहेत. पण वैनींच्या तोंडी हल्ली एकच विषय: सी हॉक. एकोणीसशे एकाहत्तरच्या लढाईतलं, आपल्या नौदलाचं.

हे खूळ खाण बंद पडली तेव्हाचं. २०१२ साली खनिज काढणं थांबलं तेव्हा वैनींचे यजमान वर्कशॉपात फिटर होते. मधे सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा ठप्प. पाना हातात नाही म्हटल्यावर माणूस घरातल्या वस्तूंवर उठतो. मिक्सर उघडून झाला, पंप उघडून झाला. बोटीवर असलेला मुलगा सुटीवर आला तो साउथॅम्प्टनहून एक खोका घेऊन.

“मी चॉकलेटं आण म्हटलेलं,” वैनी म्हणाल्या. “ह्याने प्लास्टिकच्या फांद्या आणल्या. फांदीला पार्ट लोंबतात. एकेक तोडायचा, घासायचा, चिकटवायचा. आता तीन झालीत. सोप्यावर ओळीने मांडलीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, कुठलं बरोबर?”

मी विचारलं, “तिन्ही एकच विमान ना? मग बरोबर-चूक कसलं?”

“तेच तर भांडण!”

भांडण कळायला थोडा हिशोब लागतो. तिघांतली दोन लहान, एकास बहात्तर मापाची. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. इंग्रजांचा फूट-इंचांचा कारभार, त्यातून हा बहात्तर निघाला. सी हॉकचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३९ फूट, तेव्हा मॉडेल साडेसहा इंचांचं. तिसरं एकास अठ्ठेचाळीस, चार फुटांना एक इंच, म्हणून पावणेदहा इंच. ते वितीत मावत नाही. लहानांतलं एक एअरफिक्सचं, जुनं, मुलाने कुणाकडून तरी वापरलेल्या मालात उचललेलं. दुसरं हॉबी बॉसचं आणि मोठं ट्रम्पेटरचं, ही दोन्ही चिनी कंपन्यांची.

“जुन्याच्या अंगावर बारीक बारीक पुटकुळ्या,” वैनी सांगत होत्या. “हे म्हणतात रिव्हेट. नव्यांच्या अंगावर पुटकुळ्या नाहीत, पण रेघा कोरलेल्या. ह्यांना रेघा आवडतात. त्यांत काळा रंग सोडायचा आणि वरचा पुसायचा, म्हणजे रेघ उठून दिसते. भाऊ म्हणतो, हे सगळं खोटं.”

आता भाऊ म्हणजे जन्मभर गणपतीचे डोळे आखणारा माणूस. रेघ म्हणजे काय हे त्याला शिकवायला कोण जाणार? त्याचं म्हणणं मी नंतर प्रत्यक्ष ऐकलं, गडग्याशी येऊन हात पुसत पुसत सांगितलं त्याने. “बाय, मॉडेलवरची रेघ पाव मिलिमीटरच्या आसपास. बहात्तरने गुण. खऱ्या विमानावर ती अठरा मिलिमीटर झाली, माझं बोट आत जाईल! असं विमान उडेल? पुटकुळीचंही तेच. ती मोठी केलीस की रुपयाएवढी होते.”

“मग पाहिजे काय, गुळगुळीत?”

“रंगातच थोडा फरक ठेवायचा. पत्र्याचा सांधा डोळ्याला जाणवला पाहिजे, दिसता कामा नये.”

भावोजींना हे पटलं नाही. फिटरला सांधा दिसायलाच हवा असतो. तेव्हा ठरलं की खरं विमान पाहून यायचं. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ मध्ये उघडलेलं. तिथे सी हॉक आहे, सी हॅरियर आहे, पाणबुड्या शोधणारं आलिझे आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचं फेअरी फायरफ्लायसुद्धा आहे. दिचोलीहून पणजी, पणजीहून कुठ्ठाळीमार्गे वास्को, असा तिघांचा प्रवास झाला. वैनी सोबत गेल्या त्या बोगमाळोचा समुद्र बघायला मिळेल म्हणून.

“समुद्र राहिला बाजूला. दोघे त्या विमानाच्या पोटाखाली वाकून उभे. मी मागे जाऊन पाहिलं तर शेपटीला भोकच नाही! म्हटलं, जेट ना हे? धूर जातो कुठून?”

हा प्रश्न भावोजींना इतका आवडला की आठवडाभर ते वैनींचं कौतुक करत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं वैनींचं म्हणणं. सी हॉकचं इंजिन, रोल्स-रॉइस नीन, मधोमध बसतं. हवा पंखांच्या बुडातून आत येते आणि धग पंखांच्या मागच्या कडेपाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडते. शेपटीपर्यंत लांब नळी न्यावी लागत नाही, आणि मागच्या अंगात इंधनाची टाकी बसते. म्हणून शेपूट अशी बंद, निमुळती. मॉडेल करताना खरी परीक्षा इथेच. इंजिनाची ही दोन तोंडं पंखाशी जुळताना फट राहिली, पुट्टी भरली, घासली, की कडेचा गोलावा मेला. नवखा तिथेच ओळखू येतो. रिव्हेटवरून भांडणाऱ्यांनी आधी ही जागा दाखवावी, असं आपलं माझं मत. मी काही विमान चिकटवलेलं नाही, पण दोन वर्षं गडग्यावरून ऐकलंय.

संग्रहालयातल्या विमानावर रेघा दिसल्या का? “दिसल्या आणि नाहीही,” वैनी म्हणाल्या. “वर इतके रंगाचे थर बसलेत! भाऊ म्हणाला, बघा, जाणवतात. हे म्हणाले, बघा, दिसतात. दोघेही जिंकून घरी आले.”

खरी ठिणगी पडली ती शेपटीच्या उंचीवरून. ट्रम्पेटरच्या खोक्यावर विमान आहे ते जर्मन नौदलाचं, काळ्या क्रॉसवालं, आणि त्याचं मागचं उभं सुकाणू हॉबी बॉसच्या विमानापेक्षा उंच. भाऊ म्हणाला, चिन्यांनी चुकवलं. भावोजी म्हणाले, चुकवलं नाही, पण हे आपलं नव्हे. आणि दोघांचंही चुकलं होतं, हे मुलाने बोटीवरून फोनवर सांगितलं. पश्चिम जर्मनीने घेतलेली मार्क १०० आणि १०१ ही विमानं मुद्दाम उंच शेपटीची होती. पुढे जर्मनांना ती नकोशी झाली आणि त्यांतली २८ भारताने घेतली. भानगड अशी की ती निघाली कागदोपत्री इटलीला आणि पोचली आपल्याकडे!

“म्हणजे खोक्यावरचा क्रॉस खोडून आपलं वर्तुळ काढलं की ते आपलंच?” मी विचारलं.

“आणि ह्यांचं आखूड शेपटीचंही आपलंच. पहिली खेप इंग्रजांकडून आलेली. दोन्ही शेपट्या आपल्या नौदलात होत्या.” वैनी गडग्यावर रेलल्या. “बाय, दोन पुरुषांचं भांडण असं परक्या देशाच्या लबाडीने मिटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.”

वर्तुळ भावाने हाताने काढलं. बाहेर भगवं, मधे पांढरं, आत हिरवं. पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील डिकल मिळतात, पण आपल्या खुणांचे मागवायला लागतात आणि पोस्टात अडकले की अडकले. अर्ध्या इंचाहून लहान वर्तुळ तीन रंगांत हाताने काढायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. अंगाला वर गडद करडा रंग, पोटाला हिरवट-फिकट. तिथेही श्रावणाने अडवलं. हवेत पाणी इतकं की फवारलेला रंग सुकताना पांढुरका पडायचा. भावोजींचं तोंड उतरलं, पण मूर्तिकाराला दरवर्षीची सवय: बल्ब लावून पडवी तापवली, विमान सुपात ठेवून त्याखाली. शेजारी एक उंदीरही सुकत होता.

“वैनी, तुमच्या घरच्या आजीने पाहिलं का?”

“आजीचं विचारू नकोस! तिने पाहिलं आणि म्हणाली, हेच ते, एकसष्टच्या डिसेंबरात आमच्या डोक्यावरून गेलेलं.”

भावोजींनी तिला समजावलं की गोवामुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले ते वायुदलाच्या कॅनबेरांनी आणि बांबोळीचं रेडिओ स्टेशन फोडलं ते हंटर विमानांनी. सी हॉक ज्या विक्रांतवर होती, ते जहाज त्या वेळी बाहेर समुद्रात उभं होतं. नवीनच, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नौदलात आलेलं. सी हॉकची हल्ल्याची पाळी आली नाही. त्यांची पाळी दहा वर्षांनी आली. ४ डिसेंबर १९७१ पासून कॉक्स बाजार, चितगाव. विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, तशा जहाजावरून ही विमानं उडत राहिली. ती तुकडी, तीनशे नंबरची, ‘व्हाइट टायगर’ नावाची, पुढे सी हॅरियर घेऊन दाबोळीलाच होती. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू होतास तेव्हा?” नव्हते. विषय मिटला.

“मला एक सांगा, मोठं ते पुढच्या चाकावर का उभं नाही राहत? परवा पाहिलं तर शेपटीवर बसलेलं.”

“तेच गो! पुढे एक चाक, मागे दोन, आणि सगळं वजन शेपटीकडे. नाकात भार भरायला लागतो. ह्यांनी आधी खाणीवरचं खनिज भरलं. म्हणाले, मुळगावचं लोखंड मुळगावच्या विमानात! पण नाक एवढुसं, त्यात खनिज मावेल तेवढं मावलं आणि शेपूट खालीच. शेवटी नदीवर पाग टाकून मासे धरणाऱ्या एका पागवाल्याच्या जाळ्याचं शिसं आणलं. त्याला म्हणाले, दोन दिवसांत परत देतो.”

“दिलं?”

वैनींनी उत्तर देण्याआधी एक दोडकं तोडून घेतलं. “आता निर्णय असा झालाय की चवथीला गणपतीवर बांधतात त्या माटोळीच्या बाजूला विमान टांगायचं. माटोळीत नव्हे हं, आजी म्हणते, तिथे सुपारीचा घोस, तोरंजन, कांगलां, तिथे लढाईचं विमान नको. बाजूला, तारेने. उडत असल्यासारखं. म्हणजे चाकं आत, दारं बंद.”

“मग शिशाची गरजच नाही!”

“नाहीच! पण नाक चिकटवून, घासून, रंगवून झालंय. आणि पागवाला सकाळी दारात येऊन गेला. मी सांगितलं त्याला, थांब रे, चवथ होऊ दे, मग विमानच ने आणि पागाला बांध.”