खडा वजा

साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी ज्या काउंटरवरून घेतली त्याच काउंटरवर ती पुन्हा नेऊन ठेवली असता तिच्यातील रत्नाचे जे नामांतर घडते, त्याची दखल अद्याप ना खनिजशास्त्राने घेतली आहे, ना भाषाशास्त्राने. खरेदीच्या दिवशी ज्याला ‘हिरा’ किंवा अधिक आदराने ‘सॉलिटेअर’ (म्हणजे कोंदणात एकटाच बसवलेला हिरा) म्हटले जाते, तोच विक्रीच्या दिवशी ‘खडा’ होतो. आणि नुसता खडा होऊन थांबत नाही, तर कच्च्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या ‘खडा वजा’ या दोन शब्दांत नाहीसा होतो.

ही संज्ञा स्पष्ट करणे अगत्याचे आहे. जुना दागिना मोडीत घेताना सराफ त्याच्या एकूण वजनातून खड्यांचे वजन कमी करतो, उरलेल्या सोन्याची शुद्धता पाहतो, घट धरतो आणि त्या दिवसाच्या भावाने रक्कम काढतो. काचेच्या खड्यांपुरती ही रीत रास्तच आहे. मात्र हिऱ्याच्या अंगठीला ती लावली की ज्यासाठी सर्वाधिक पैसे मोजले तीच वस्तू भेसळ ठरते, आणि ‘ते काय, नुसते कोंदण’ म्हणून हिणवलेल्या 18 कॅरटच्या, म्हणजे 75 टक्के शुद्ध सोन्याला एकाएकी घरातल्या कर्त्या माणसाचा मान मिळतो. 30 सेंटचा हिरा (100 सेंटचा 1 कॅरट, आणि 1 कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम) भरतो 60 मिलिग्रॅम. कट, कलर, क्लॅरिटी आणि कॅरट या चार गुणांची खडान्‌खडा माहिती देण्यात ज्याने तासभर घालवला, त्याच विक्रेत्याला आता प्रमाणपत्रावरचे एक अक्षरही लागत नाही. हिऱ्यावर ओरखडा दुसरा हिराच पाडू शकतो, असे शास्त्र सांगते. त्याच्या किमतीवर तो पाडायला दुकानाचा दरवाजा पुरतो.

यामागे अर्थशास्त्र नाही असे नव्हे. सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो, हिऱ्याला तसा एक भाव नसतो, कारण प्रत्येक खड्याचे मोल वेगळे. शिवाय जगातले बहुतेक हिरे ज्या सुरतेत पैलू पाडून निघतात तेथून घाऊक दराने, उधारीवर, हवा तो नवा माल मिळत असताना व्यापाऱ्याने वापरलेल्या हिऱ्यासाठी रोख का मोजावी? त्यात काही आठवड्यांत प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्याची भर पडली आहे. हे सारे मान्य. मग खरेदीच्या वेळी ‘ही गुंतवणूक आहे’ असे बजावताना हेच अर्थशास्त्र कोणत्या तिजोरीत कुलूपबंद असते? घडणावळ परत येत नाही, 3 टक्के जीएसटी परत येत नाही, आणि जेथे ‘शंभर टक्के मोबदला’ अशी पाटी असते तेथेही तो बहुधा याहून मोठा हिरा घेणाऱ्यालाच मिळतो. म्हणजे खड्डा भरायचा तर अधिक रुंद खणावा. रोख मागणारी बाई तिथे हौसेने आलेली नसते. रुग्णालयाचे बिल, मुलाची फी किंवा मोडलेला संसार यांपैकी काहीतरी तिच्या पाठीशी उभे असते. पाटल्या आणि बोरमाळ अडीनडीला मोडता याव्यात यासाठीच तर स्त्रीधन ही व्यवस्था होती. हातात रक्कम ठेवण्याऐवजी तिला ‘हिऱ्याचे मोल भावनेत असते’ असे ऐकवणे हा शुद्ध निर्लज्जपणा होय, आणि त्याची शुद्धता तपासायला भिंग लागत नाही.

हिशेब पुरा झाल्यावर सोने आत जाते. हिरा बारीक चिमट्याने उपसून, गुलाबी कागदाच्या घडीत गुंडाळून, ‘हा राहू द्या तुमच्याकडेच’ असे म्हणत परत केला जातो. ज्या विधीचे नावच साखरेच्या पुड्यावरून पडले, त्याची एवढीशी पुडी पर्समधल्या चिल्लरीच्या कप्प्यात, बसच्या तिकिटाशेजारी जाऊन बसते.