पोच

1997 च्या जुलैत मी रुजू अहवाल घेऊन आमच्या कॉलेजच्या ऑफिसात गेलो. एम.ए.ला बऱ्यापैकी नंबर, सेट पास, अंगात नवा शर्ट. टेबलामागच्या गृहस्थांनी माझा कागद घेतला, शंभराची नोट बघावी तसा उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “सर, पोच नाही तुमच्याकडं.”

मी गार पडलो. ओळख होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. माझ्या वडलांना हे कळायला वीस वर्षं लागली होती.

मग त्यांनीच उलगडा केला. कुठलाही अर्ज देताना दुसरी प्रत आणायची, तिच्यावर आवकचा शिक्का, नंबर, तारीख आणि सही घ्यायची आणि ती जिवापाड जपायची. ती पोच. “कागद आमच्याकडं आलाच नाही, असं उद्या आम्हीच म्हटलो तर?” स्वतःच्याच ऑफिसविषयी इतकं स्वच्छ मत असलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हे भाऊसाहेब. भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे, तो हुद्दा. आमच्याकडे भाऊसाहेब, विदर्भात बाबूजी, मुंबईकडे नुसतं ‘ओएस’. अनुदानित कॉलेज असलेल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी हा एक इसम असतोच. कनिष्ठ लिपिक म्हणून लागतो, वरिष्ठ होतो, मुख्य लिपिक होतो आणि नशिबात असेल तर कार्यालयीन अधीक्षक होऊन थांबतो. नियमाप्रमाणे प्राचार्याची मुदत पाच वर्षांची. भाऊसाहेबांची पस्तीस. गणित इथंच संपतं. पण नव्या प्राचार्याला हे कळायला एक शैक्षणिक वर्ष जातं. पहिल्या आठवड्यात तो भाऊसाहेबांना केबिनमध्ये बोलावतो. दिवाळीनंतर फाईल घेऊन तोच त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहतो.

सरकारदरबारी या जमातीला ‘शिक्षकेतर कर्मचारी’ म्हणतात. म्हणजे शिक्षक सोडून उरलेले. माणसाला तो काय नाही यावरून ओळखायची ही रीत मला तरी दुसरीकडे कुठं दिसलेली नाही. डॉक्टर सोडून इतरांना कुणी ‘वैद्येतर’ म्हणत नाही. मी एकदा हे भाऊसाहेबांना बोलून दाखवलं. त्यांना फारसं लागलं नाही. म्हणाले, “सर, जीआरमध्ये आहे ना? मग बरोबरच असणार.”

त्यांचं टेबल हा अभ्यासाचा विषय आहे. काचेखाली साईबाबा, रजेचे नियम आणि विद्यापीठाच्या पात्रता विभागातल्या एका माणसाचा लँडलाइन नंबर. तो माणूस केव्हाच रिटायर झाला, नंबर अजून आहे. उजवीकडे गोल शिक्का आणि चौकोनी शिक्का, ओलसर पॅडवर. गोल शिक्क्याला इतर कुणी हात लावायचा नाही. पेनस्टँडमध्ये लाखेची कांडी, कारण परीक्षेची पाकिटं अजून सील होतात, आणि टोचा. लाकडी मुठीचा, टोकाला चकाकणारा. दोनशे पानांचा प्रस्ताव ते मांडीवर घेतात, कोपऱ्यावर अंगठ्यानं जागा चाचपतात आणि एका दाबात आरपार भोक. मग हिरवा टॅग. पंचिंग मशीन आणून दिलं होतं. ते पाच पानांच्या वर दम टाकतं, असं सांगून त्यांनी ते डेडस्टॉकला नोंदवून कपाटात ठेवलं.

भाषेच्या बाबतीत भाऊसाहेब माझे गुरू. पहिल्या वर्षी मी एक अर्ज लिहिला, शेवटी ‘ही विनंती करतो’. त्यांनी ‘करतो’वर काट मारली. “विनंती लिहा आणि सोडा. क्रियापद दिलं की माणूस अडकतो.” पुढं नीट पाहिल्यावर लक्षात आलं की ऑफिसच्या मराठीत कर्ता जवळजवळ नसतोच. ‘मान्यतेस्तव सादर.’ ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव.’ ‘उपरोक्त विषयास अनुसरून.’ कोणी सादर केलं, कार्यवाही कोण करणार, काही पत्ता नाही. कागद आपोआप निघतात, आपोआप पोहोचतात आणि आपोआपच त्रुटी काढून परत येतात. वर्गात मी मुलांना कर्तरी प्रयोग शिकवत होतो आणि कॉलेज मात्र भावे प्रयोगावर चाललं होतं.

जून-जुलैत भाऊसाहेबांचं खरं रूप दिसतं. खिडकीबाहेर रांग, आत एक पंखा. एटीकेटीवाले, टीसीवाले, बोनाफाईडवाले, पासवाले. एटीकेटी म्हणजे नापास विषय घेऊन पुढच्या वर्गात बसायची मुभा. भाऊसाहेब मात्र ती आजाराच्या नावासारखी उच्चारतात. “किती विषयांची?” असं विचारून ते पोराच्या बापाकडे बघतात. आणि प्रत्येकाला उत्तर एकच : “उद्या या.” हा नकार नव्हे. उद्या आलं की काम होतं. ज्याला खरंच गरज आहे तो उद्या येतो, असं त्यांचं शास्त्र आहे. यात निम्मी रांग गळते. उरलेल्या निम्म्या रांगेसाठी मात्र ते जेवणाचा डबा चार वाजता उघडतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक पोरगा आणि त्याचे वडील खिडकीशी आले. पोराचा स्कॉलरशिपचा अर्ज अडकला होता. दहावीच्या मार्कशीटवर वडलांचं नाव दत्तू, आधारवर दत्तात्रय, बँकेत दत्तोबा. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. संगणकाच्या हिशेबानं या पोराला तीन बाप होते आणि एकालाही स्कॉलरशिप द्यायला तो तयार नव्हता.

भाऊसाहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. मग बापाला विचारलं, “घरी काय म्हणतात?”

“दत्तूच म्हणतात जी.”

“आणि ‘दत्तात्रय’ कुणी केलं?”

“आधारवाल्या पोरानं. म्हणला, पूर्ण नाव सांगा. मला वाटलं, आसंल पूर्ण.”

बाहेरच्या टायपिंगवाल्यानं त्यांना राजपत्रात नाव बदलायचा सल्ला दिला होता, त्याचे पैसेही सांगितले होते. भाऊसाहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. “नाव बदललंय का तुमचं? मग राजपत्र कशाला?” त्यांनी एक कोरा कागद काढला, पोराच्या पुढ्यात सरकवला आणि खिडकीतून मजकूर सांगायला लागले : वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून… पोरानं लिहिलं, बापानं सही केली. सही ‘दत्तू’ अशीच. भाऊसाहेबांनी कागद उजेडात धरला, खाली गोल शिक्का मारला आणि बापाला विचारलं, “पोच आणलीय?” बाप गोंधळून आपल्या पोराकडे बघायला लागला. मी पाठीमागं उभा होतो. मला त्याच्याविषयी भ्रातृभाव दाटून आला. भाऊसाहेबांनी स्वतःच झेरॉक्सला पाठवलं. रुपया त्यांच्या खिशातला.

मग बँकेत एक फोन. तो पंधरा मिनिटं चालला. त्यात पाऊस, कांद्याचा भाव आणि मॅनेजरच्या मेव्हण्याची बदली असं सगळं होऊन शेवटच्या अर्ध्या मिनिटात काम. डिजिटल कारभार तालुक्याच्या गावी असाच चालतो. वर पोर्टल, खाली मेव्हणा.

नॅकविषयी लिहायचं तर वेगळा लेख होईल. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, 1994 साली बंगळुरूला स्थापन झाली. ती आमच्यापर्यंत पोहोचायला बरीच वर्षं लागली, पण आली ती मुक्कामालाच आली. सात निकष, त्याखाली उपनिकष, त्याखाली पुरावे. 2017 च्या नव्या पद्धतीत तर बहुतेक गुण आकड्यांचेच. समिती गावात यायच्या आधीच निकाल बराचसा लागलेला असायचा. तरीही रांगोळ्या पडल्या, झाडांना गेरू लागला, गांडूळखताच्या खड्ड्यात गांडुळं आणून सोडली. ती दुसऱ्या दिवशी निघून गेली. फोटोंवर अक्षांश-रेखांश हवेत म्हणून शिपाईमामा मोबाईल घेऊन भर उन्हात पश्चिमेकडे सरकत होते.

अडलं ते एका सभेवर. पालक-शिक्षक सभा झाली होती, चहाचं बिल होतं, पण सभेचं निमंत्रणपत्र जावकला नव्हतं. प्राचार्य म्हणाले, “टाका मागच्या तारखेनं.” भाऊसाहेब हललेसुद्धा नाहीत. “साहेब, 212 आणि 213 च्या मध्ये नंबर नसतो.” ऑफिसात शांतता. “इतर ठिकाणी महिन्याला चार-पाच ओळी कोऱ्या सोडतात, मला माहीत आहे. आपल्याकडं ती पद्धत नाही.” प्राचार्य खुर्चीत बसले. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आपण फक्त मार्चमध्ये दोन सोडतो.” सभा मार्चमध्येच झाली होती, देवाची कृपा.

आम्हा प्राध्यापकांचं त्यांच्याशी नातं थोडं नाजूक असतं. आम्ही त्यांच्यापेक्षा जास्त पगार घेतो, कमी वेळ थांबतो आणि स्वतःला विद्वान समजतो. पण प्रत्येकाची वरच्या श्रेणीतल्या प्लेसमेंटची फाईल शेवटी त्यांच्याच टेबलावरून जाते. स्टाफरूममध्ये शासनव्यवस्थेवर आग ओकणारा आमचा राज्यशास्त्राचा मित्र भाऊसाहेबांसमोर रिफ्रेशर कोर्सचं सर्टिफिकेट दोन्ही हातांनी पुढे करतो, प्रसाद घ्यावा तसं. माझं सेवापुस्तक त्यांनी एकदा मला दाखवलं. ओळखीची खूण : डाव्या गालावर तीळ. माझ्या डाव्या गालावर तीळ नाही. उजव्यावर आहे. मी दाखवला. भाऊसाहेब म्हणाले, “सर, सेवापुस्तकात डाव्यावर आहे.” आणि क्षणभर मीच चाचपून पाहिलं.

दरम्यान भरती थांबली. शिक्षकेतर पदांचा नवा आकृतिबंध येणार, येणार म्हणता म्हणता चार टेबलं रिकामी झाली आणि ती सगळी एकेक करून भाऊसाहेबांकडे सरकली. सेमिस्टर आली, क्रेडिट आली, 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. आता पोरांना मेजर असतं, मायनर असतं, कुठलं बास्केट निवडलं हे खुद्द त्यांनाही ठाऊक नसतं. भाऊसाहेब नवा जीआर आला की आधी शेवटचं पान वाचतात. प्रत कोणाकोणाला गेलीय ते बघतात आणि मग ठरवतात, घाबरायचं की नाही.

आणि मग त्यांचा 31 मे आला.

आपल्याकडे त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म 1 जूनला झालाय. शाळेत घालायला आणलेल्या पोराची तारीख बापाला आठवेना, म्हणून गुरुजींनी 1 जून टाकली. त्यामुळे दर 31 मेला ऑफिसा-ऑफिसांतून शाल-श्रीफळांची टंचाई होते. भाऊसाहेब त्यातलेच. आईच्या आठवणीप्रमाणे ते पोळ्याच्या आसपासचे. म्हणजे निदान अडीच-तीन महिने नोकरी गुरुजींनी खाल्ली. मी म्हटलं तेव्हा ते म्हणाले, “दाखल्यावर 1 जून आहे, सर.” प्राध्यापक साठला रिटायर होतो, शिपाईसुद्धा साठला, मधला हा बाबा अठ्ठावन्नला. याचं कारण त्यांना विचारलं तर ते नियम सांगतात. कारण सांगत नाहीत.

निरोपाच्या दिवशी आम्ही भाषणं केली. ती सगळी कर्तरी प्रयोगात होती आणि बहुतेक खोटी होती. त्यांनी मात्र पंधरा मिनिटांत चार्ज दिला. यादी वाचून दाखवली : कपाटं, किल्ल्या, कॅशबुक, गोल शिक्का. टोचा यादीत नव्हता. तो त्यांनी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकला. “हा डेडस्टॉकला नाही. माझा आहे. 1989 ची पावती आहे.” पावती खरंच निघाली.

जागा भरली गेली नाही. टेबलावर आता कंत्राटी पदावरची एक मुलगी बसते. आमच्याच कॉलेजची, माझीच विद्यार्थिनी. साईबाबा आहेत, लँडलाइन नंबरही आहे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी खिडकीबाहेरच्या रांगेत भाऊसाहेब दिसले. त्यांना आत या म्हटलं तर येईनात. पेन्शनचा प्रस्ताव सहसंचालक कार्यालयातून परत आला होता. त्रुटी : 1996 च्या वेतननिश्चितीच्या नोंदीवर प्राचार्यांची सही आहे, शिक्का नाही.

“तेव्हा शिक्का कुणाकडं होता?” मी विचारलं.

“माझ्याकडंच.” ते त्रुटीपत्र पुन्हा वाचत होते, एखादी चांगली कविता वाचावी तसं. “पण पकडलं बघा बरोबर. तीसेक वर्षांपूर्वीची नोंद. कोण आहे हो तिथं नवीन? तयार माणूस आहे.”

रांग सरकली. मुलीनं वर पाहिलं, दचकून उभी राहिली, मग सावरून बसली आणि तिनं हात पुढे केला.

“भाऊसाहेब, दोन प्रतींत आणलंय ना?”

त्यांनी पिशवीतून तीन काढल्या. तिन्हींना कोपऱ्यावर एकाच उंचीला भोक, हिरवा टॅग.

“तिसरी कशाला?”

“ती पोच. शिक्का मारून मला परत दे,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि तारीख आजचीच टाक.”