नाव घेतलंत, आता शनिवारची मॅचही खेळा

प्रति,
मेडो रेसिडेन्शियल आणि त्यांची ग्रीनडेल प्रॉपर्टी कंपनी,
लंडन

विषय : दुसऱ्याच्या फुटबॉल क्लबचं नाव स्वतःच्या नावावर चढवल्याबद्दल अभिनंदन

साहेब,
स. न. वि. वि.

मी मुंबईकर. बिल्डर मला नवे नाहीत. 1991 च्या नियमाप्रमाणे इथल्या गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते : एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये वाटणी फक्त रिकाम्या जमिनीचीच करायची असं ठरलं आणि पहिल्या दोघांच्या हाती उरलंसुरलं आलं. गिरणी गेली, कामगार गेला, नावं तेवढी राहिली. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, कमला मिलमध्ये पब आले. तेव्हा जागा घेऊन माणसं उठवणं मी पाहिलेलं आहे. पण उठवलेल्या माणसांना ‘जाताना तुमचं नावही इथेच ठेवून जा’ असं बजावणं आमच्याकडे कुणालाही सुचलं नव्हतं. म्हणून हा पत्रप्रपंच.

तपशिलात चूक झाली तर तुमचे वकील कळवतीलच, त्यांना पत्रं लिहायची सवय आहे. 2014 मध्ये तुम्ही दक्षिण लंडनमधलं चॅम्पियन हिल हे मैदान 57 लाख पौंडांना घेतलंत. तिथे डलिच हॅम्लेट हा क्लब खेळायचा. तो कर्जात होता आणि तुम्ही त्यात पैसे घातलेत, हे मान्य. तुम्हाला त्या जागेवर 155 घरं बांधायची होती. सदर्क कौन्सिलकडून परवानगी काही मिळाली नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये तुम्ही क्लबला दिलेला मदतीचा हात काढून घेतलात. मार्च 2018 मध्ये क्लबला मैदानाबाहेर काढलंत आणि 1,21,000 पौंडांची भाडेबाकी दाखवलीत. त्याच सुमारास वकिलांचं ते ऐतिहासिक पत्र आलं : ‘डलिच हॅम्लेट फुटबॉल क्लब’, ‘द हॅम्लेट’ आणि ‘डीएचएफसी’ हे आता ग्रीनडेलचे ट्रेडमार्क आहेत, क्लबने ते छापील मजकुरात, इंटरनेटवर किंवा ट्विटरवर वापरू नयेत.

क्लबची स्थापना 1893 ची. आमच्यात मुलाचं बारसं बाराव्या दिवशी होतं. तुम्ही सव्वाशेव्या वर्षी पाळण्याजवळ गेलात आणि ठेवलेलं नाव काढून घेतलंत.

आता नाव घेतलंत म्हणजे त्याच्या मागची कामंही आली. इस्थमियन लीगचं वेळापत्रक जाहीर झालेलं होतं आणि त्यात डलिच हॅम्लेटच्या मॅचेस होत्या. नाव तुमचं, तर मैदानात उतरणारे अकराही तुमचेच हवेत. गोलकीपर म्हणून वकीलसाहेब योग्य, समोरून काहीही आलं तरी नोटीस देऊन अडवतील. बचावाला व्हॅल्यूअर, उजव्या बगलेत आर्किटेक्ट. कप्तान कोण ते तुम्हीच ठरवा, फक्त मंगळवारी रात्री पावसात चिखल तुडवायची त्याची तयारी असावी. या पातळीवर पोरं नोकऱ्या सांभाळून खेळतात.

नावासोबत एडगर केलही आला. या क्लबसाठी त्याने चारशेहून जास्त गोल केले आणि 1929 मध्ये तो इंग्लंडकडून तीन सामने खेळला. व्यावसायिक क्लबांनी बोलावलं तरी तो शेवटपर्यंत हौशीच राहिला. पैसे समोर असताना न घेणारा माणूस तुमच्या ताळेबंदात कुठल्या रकान्यात मांडला असतात, हे कळलं तर बरं होईल. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचंच नाव आहे. ते नोंदवायचं राहून गेलं वाटतं. 1933 मध्ये हौशी करंडकाच्या अंतिम सामन्याला या मैदानावर 20,744 माणसं आली होती. 1948 च्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाने मेक्सिकोला तिथेच 5-3 असं हरवलं. आजही कॉर्नर मिळाला की गोलमागे उभी असलेली मंडळी खिशातल्या किल्ल्या काढून खुळखुळवतात. तो आवाज कुठल्या वर्गात नोंदवायचा, याची चौकशी करून ठेवा.

विनोद पुरे. न वापरायचं नाव कुणी कशाला नोंदवतं, याचा मी बराच विचार केला. तुम्ही मैदान मैदानाच्या भावात घेतलंत आणि हिशेब केलात घरांच्या भावाचा. या दोन भावांमध्ये फक्त कौन्सिलची परवानगी उभी होती, आणि परवानगीच्या आड तो क्लब. जिथे दर आठवड्याला खेळ होतो ती जागा पडीक आहे, असं म्हणता येत नाही. क्लबच राहिला नाही तर मात्र म्हणता येतं. आणि ज्याला स्वतःचं नाव लिहायची बंदी आहे, तो हरकतीच्या अर्जावर सही तरी काय करणार? हा अर्थातच माझा तर्क. तुमचं कारण याहून उदात्त असेल तर ते जरूर छापा, आम्ही वाचू.

पण तुमचा एक अंदाज चुकला. वर्षानुवर्षांचे प्रतिस्पर्धी टूटिंग अँड मिचम, ज्यांना हॅम्लेट बुडाला तर सर्वांत आधी हसू यायला हवं, त्यांनी आपलं मैदान वापरायला दिलं. लंडनचे महापौर सादिक खान क्लबच्या बाजूने बोलले. माजी फुटबॉलपटू रिओ फर्डिनंड ज्यात होता त्या गटाने मैदानासाठी एक कोटी पौंड देऊ केले. 57 लाखांच्या जागेला तेही तुम्हाला कमी पडले. मालाची खरी किंमत तुम्ही काय धरली होती, हे त्या नकारातून आम्हाला कळलं. नावाबद्दल एवढी ओरड झाली की ते तुम्हाला सोडावंच लागलं.

आणि 7 मे 2018 रोजी, त्या उसन्या मैदानावर, हॅम्लेटने हेंडनला पेनल्टींवर 4-3 असं हरवलं आणि क्लब नॅशनल लीग साउथमध्ये चढला. स्वतःचं मैदान होतं तेव्हा हे जमलं नव्हतं. 26 डिसेंबरला ते चॅम्पियन हिलवर परतले. तिथे जमलेल्या माणसांनी कुणाच्याही ट्रेडमार्कची पर्वा न करता ते नाव बेंबीच्या देठापासून घेतलं.

एक व्यवहाराची सूचना करून थांबतो. पुढच्या वेळी एखाद्या क्लबचं मैदान विकत घ्यायचं मनात आलं, तर सर्व्हेअर पाठवण्याआधी एका शनिवारी स्वतः जा. बिअरचा ग्लास घेऊन थेट मैदानाच्या कडेला उभं राहता येतं, प्रीमियर लीगमध्ये ही चैन नाही. तिकीट मात्र काढावं लागेल. सवलत विद्यार्थ्यांना आणि पेन्शनरांना असते, जमीनमालकांना नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक मुंबईकर

ता. क. : खाली माझं नाव लिहिलेलं नाही. तुमच्या हाती नाव देणं बरं नव्हे, हे आम्ही डलिचकडून शिकलो.